शहरभर फायबर आलं म्हणतात, मग आमच्या गल्लीत का येत नाही?

सांजवात (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. बरेच दिवस मनात घोळत होतं, आज लिहून टाकते.

मी संध्याकाळी वस्तीतल्या मुलांसाठी अभ्यासिका चालवते. एक खोली, दोन ट्यूबलाइट, सतरा मुलं. मागच्या आठवड्यात आठवीतली एक मुलगी उंबऱ्यावरच बसून राहिली, आत येईना. विचारलं तर म्हणाली, "ताई, इथं दोन काड्या रेंज येते, आत एकच येते." विज्ञानाच्या प्रकल्पाचा व्हिडिओ तिला शाळेच्या पोर्टलवर चढवायचा होता. ऐंशी टक्क्यांपर्यंत जायचा, अडकायचा आणि परत शून्यावर यायचा. चार वेळा असं झालं. पाचव्या वेळी आईच्या फोनमधला त्या दिवसाचा डेटाच संपला. रडली नाही ती. फोन पुसून दप्तरात ठेवला आणि गणिताची वही काढली. मला तेच जास्त लागलं.

आता मुद्द्याचं. आमच्या गल्लीच्या तोंडाशी, मुख्य रस्त्यावर, फायबरचा डबा लावलेला खांब आहे. अभ्यासिकेपासून एकशे बारा पावलं, मी मोजलीत. कंपनीच्या संकेतस्थळावर पत्ता टाकला की 'आपल्या भागात सेवा उपलब्ध आहे' असं येतं. अर्ज केला की दोन दिवसांनी फोन येतो, "तुमच्याकडे फिजिबल नाही." का नाही, हे फोनवरच्या मुलीलाही माहीत नसतं. तीनदा अर्ज केला, तिन्ही वेळा हेच.

शहरातल्या सगळ्या वस्त्यांपर्यंत वेगवान इंटरनेट न्यायचं तर नेमकं काय करावं लागतं? कुठल्या शहराने हे खरंच करून दाखवलंय का? जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावं. मला उद्या कुणाच्या दारात जाऊन उभं राहायचं हे कळलं तरी पुष्कळ झालं.

जोडणीकार

सांजवातताई, मी फायबर जोडणीचंच काम करतो, बारा वर्षं झाली. "फिजिबल नाही" याचा अर्थ काय असतो ते सांगतो.

अंतर हे कारण नाहीच. घरोघरी फायबर ज्या जीपीऑन पद्धतीने जातं तिच्यात एक्स्चेंजपासून वीस किलोमीटरपर्यंत प्रकाश नीट पोहोचतो. तुमच्या एकशे बारा पावलांचा तिथे हिशोबही लागत नाही. एका फायबरमधून सेकंदाला खाली येणारे (डाउनलोड) सुमारे २.५ गिगाबिट आणि वर जाणारे (अपलोड) सुमारे १.२५ गिगाबिट असतात, ते स्प्लिटर, म्हणजे प्रकाश वाटणारा भाग, लावून ३२ किंवा ६४ घरांत वाटतात. खांबावरचा तो डबा म्हणजे या वाटणीचं शेवटचं टोक. त्यात किती पोर्ट (तार जोडायच्या जागा) ठेवायचे ते आधीच ठरतं, आणि ठरवताना 'इथून किती जोडण्या विकल्या जातील' असा अंदाज बांधतात. मी जिथे जिथे काम केलं तिथे वस्तीच्या बाजूचा अंदाज नेहमी कमीच धरलेला पाहिला.

दुसरी अडचण डब्यापासून घरापर्यंतच्या तारेची. आम्ही तिला ड्रॉप म्हणतो. रस्त्यावर खांब असतात, गल्लीत आमच्यासाठी काही नसतं. मग तार भिंतीवरून, पन्हाळीखालून, कुणाच्या तरी छपरावरून न्यायची. दर घराची परवानगी घ्यायची. पत्र्याच्या कडेला तार वाऱ्याने घासत राहते, थोड्याच दिवसांत वरचं आवरण सोलवटतं आणि आत पाणी शिरतं. अरुंद वळणावर तार काटकोनात दुमडली की आतला प्रकाश बाहेर गळतो. घरातल्या यंत्राला साधारण उणे २७ डीबीएमपर्यंतचा (डीबीएम म्हणजे प्रकाशाची ताकद मोजायचं माप) प्रकाश वाचता येतो. त्याच्याही खाली गेला की लाल दिवा लुकलुकतो आणि तक्रार येते. एकाच गल्लीत तीन-चार वेळा शिडी घेऊन जावं लागलं की वरून सांगणं येतं, तिकडची नवी जोडणी घेऊ नका. त्यालाच प्रणालीत 'फिजिबल नाही' म्हणतात.

मी स्वतः तशी नोंद केलेली आहे. मागे वळून पाहिलं तर दारात उभी माणसं दिसायची. ते विसरता येत नाही.

यावर उपाय आहे. गल्लीच्या आत, मध्यावर, एक छोटा डबा बसवायचा. तिथपर्यंत एकच दणकट केबल न्यायची आणि तिथून प्रत्येक घराला पाच-दहा मीटरची तार द्यायची. खर्च एकदाच होतो, तक्रारी झपाट्याने कमी होतात. पण तो डबा कुणाच्या जागेवर आणि कुणाच्या परवानगीने, इथे सगळं अडतं.

नकाशा

जोडणीकार, फार मोलाचा प्रतिसाद. मी नियोजनाच्या बाजूने भर घालतो.

मूळ घोळ मोजणीत आहे. अमेरिकेत २०२२पर्यंत सरकारी ब्रॉडबँड नकाशा जनगणनेच्या ब्लॉकनुसार बनायचा. ब्लॉकमधल्या एका घराला सेवा मिळत असली तरी अख्खा ब्लॉक 'सेवा असलेला' धरत. म्हणजे कोपऱ्यावरच्या एका घरामुळे मागची सगळी घरं कागदावर जोडलेली. नोव्हेंबर २०२२मध्ये तिथल्या एफसीसी या दूरसंचार नियामकाने इमारतनिहाय नकाशा आणला आणि त्यावर रहिवाशांना हरकत नोंदवायची सोय दिली. ताईंना दिसलेलं 'सेवा उपलब्ध आहे' हा त्या जुन्या नकाशासारखाच प्रकार. विचारलं होतं घराबद्दल, उत्तर मिळालं भागाबद्दल.

शिवाय 'वेगवान' कशाला म्हणायचं? भारतात ब्रॉडबँडची किमान मर्यादा जानेवारी २०२३मध्ये ५१२ केबीपीएसवरून २ एमबीपीएस झाली. अमेरिकेत मार्च २०२४मध्ये ती खाली येताना १०० आणि वर जाताना २० एमबीपीएस केली. मर्यादा खाली ठेवली की जवळपास सगळं शहर जोडलेलं निघतं आणि कुणाला हातपाय हलवावे लागत नाहीत. वर जाण्याचा वेग वेगळा लिहिणं मला फार गरजेचं वाटतं. त्या मुलीचा व्हिडिओ तिथेच तर अडकला.

अमेरिकेतल्याच क्लीव्हलँड शहराचं उदाहरण जरूर वाचा. तिथे २०१७ साली डिजिटल समावेशनावर काम करणाऱ्या संस्थांनी एका मोठ्या कंपनीची, तिने स्वतःच सरकारकडे दिलेली माहिती नकाशावर मांडली. गरीब भागांतल्या जुन्या तारा सुधारायच्या राहूनच गेल्या होत्या, हे त्यात लख्ख दिसलं. शहराने कुणालाही पैसे किंवा परवानगी देण्याआधी असा नकाशा स्वतः करावा, गल्लीगणिक, दारोदार फिरून.

पाऊलखुणा

+१. घरं मोजा, रस्ते नको.

ऋतुगंध

वेगळं मत मांडतो, राग नसावा. आज बहुतेक घरांत स्मार्टफोन आहे, मोबाईलचं जाळं आहे, डेटा पूर्वीपेक्षा खूप परवडतो. मग पालिकेने लोकांच्या करातून फायबर का टाकावं? त्याच वस्त्यांत पाणी आणि गटारांची कामं बाकी आहेत.

सांजवात

ऋतुगंध, राग कसला? मलाही हाच प्रश्न विचारला जातो.

फोन घरात आहे, पण तो घराचा आहे, मुलीचा नाही. आई कामावर जाते तेव्हा फोन तिच्याबरोबर जातो आणि संध्याकाळी सातला परत येतो. सात ते दहा, तीन भावंडं आणि एक फोन. फोनवर निबंध वाचता येतो, दोन पानांचा निबंध लिहून बघा एकदा. नोकरीचा अर्ज भरताना मध्येच फोन आला की पान पुसलं जातं. आणि संध्याकाळी सगळी वस्ती एकाच टॉवरवर असते. दुपारी तीनला जी फाइल जाते, ती रात्री आठला जात नाही. मी करून पाहिलंय.

पाणी की इंटरनेट, असं मला निवडता येत नाही. पाण्याच्या तक्रारीचा अर्जसुद्धा आता ऑनलाइनच भरायचा असतो.

ऋतुगंध

फोन कामावर जातो, हा विचार मी केलाच नव्हता. पटलं.

वाटसरू

ताई, तुम्ही विचारलंत कुठल्या शहराने केलंय. मला माहीत असलेली सांगतो.

चॅटनूगा, अमेरिकेतल्या टेनेसी राज्यातलं शहर. तिथली वीज वितरण करणारी ईपीबी ही शहराच्या मालकीची, १९३५ सालची. बिघाड झाला की वीज आपोआप दुसऱ्या वाटेने वळवणारे स्विच त्यांना बसवायचे होते आणि त्या स्विचना फायबर लागणारच होतं. तेच फायबर त्यांनी घरोघरी नेलं आणि २०१०मध्ये आपल्या सगळ्या क्षेत्रात १ गिगाबिटची सेवा दिली. कुठली वस्ती परवडते, कुठली नाही, हा प्रश्न आला नाही, कारण जिथे वीज तिथे तार जाणारच होती. पण इथे थांबू नका. २०२०मध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा कळलं की दाराशी फायबर असूनही हजारो मुलांच्या घरात जोडणी नाही, कारण महिन्याचं बिल झेपत नाही. मग ईपीबी, शाळा आणि इतरांनी मिळून सुमारे २८,००० मुलांच्या घरी १०० एमबीपीएसची जोडणी मोफत द्यायचं ठरवलं, तीही दहा वर्षांसाठी. पहिलीतलं पोर अकरावीत जाईपर्यंत बिलाची काळजी नाही. मला या सगळ्या गोष्टीत ही मुदत सगळ्यात मोलाची वाटते.

स्टॉकहोमची तऱ्हा वेगळी. तिथे १९९४मध्ये शहराने स्टोकाब नावाची कंपनी काढली. ती इंटरनेट विकत नाही, फक्त जमिनीखालचं फायबर सगळ्यांना सारख्या अटींवर भाड्याने देते. रस्ता एकदाच खोदायचा, वर सेवा कुणीही द्यावी.

आणि केरळचं केफॉन. राज्य वीज मंडळाच्या खांबांवरून आणि वाहिन्यांवरून नेलेलं जाळं, जून २०२३मध्ये सुरू झालं. २० लाख गरीब कुटुंबांना मोफत जोडणी हे उद्दिष्ट, पहिल्या टप्प्यात प्रत्येक विधानसभा मतदारसंघातली १०० अशी १४,००० कुटुंबं. दोन आकड्यांमधलं अंतर बघा. मी प्रयत्नाला नावं ठेवत नाही, खांब हाताशी असूनही शेवटच्या घरापर्यंत जायला किती कष्ट पडतात ते यातून कळतं.

जोडणीकार

वाटसरू, तुमच्या दोन उदाहरणांत वीज आहे, आणि माझ्या मते सगळी मेख तिथेच आहे. कितीही अरुंद गल्ली घ्या, तिच्यात आतपर्यंत पोहोचलेली एक तार असतेच, विजेची. त्या खांबांवर जागा मिळाली तर माझं निम्मं काम झालं.

तांत्रिक अडचणही नाही. एडीएसएस नावाची केबल असते, तिच्यात धातू नसतोच, ती विजेच्या तारांपासून ठरलेलं अंतर राखून त्याच खांबांवर ओढता येते. ताई, दारात उभं राहायचंच तर आधी वीज कार्यालयाच्या.

दुर्बीण

एक सावधगिरीची गोष्ट. अमेरिकेतल्या कॅन्सस सिटीत २०१२मध्ये गूगल फायबर ही गूगलची इंटरनेट सेवा आली तेव्हा शहराचे छोटे छोटे भाग पाडले होते. ज्या भागातले पुरेसे लोक आधी पैसे भरून नाव नोंदवतील, तिथे जोडणी आधी. ऐकायला किती रास्त वाटतं! पण नोंदणी ऑनलाइन होती, आणि ज्यांच्याकडे इंटरनेट नाही त्यांनीच ती करायची होती. ट्रूस्ट अव्हेन्यू या रस्त्याच्या पूर्वेकडचे, प्रामुख्याने कृष्णवर्णीयांचे भाग मागे पडले. मुदत संपत आली तसे स्वयंसेवक, शिक्षक, ग्रंथालयातली माणसं दारोदार फिरली, तेव्हा कुठे त्यातले बरेच भाग पात्र ठरले.

म्हणून 'मागणी दिसली की देऊ' असं कुणी म्हणालं तर त्याला विचारा, मागणी नोंदवायची कुठे?

अर्धविराम

इथे कागदाचा विषय कुणी काढला नाही म्हणून लिहिते. मी भाड्याने राहते. आमच्याकडे फायबर गल्लीत आहे, डबा माझ्या खिडकीतून दिसतो. पण अर्जाला पत्त्याचा पुरावा लागतो. वीज बिल घरमालकाच्या नावावर, करार कधी झालेलाच नाही. घरमालक ना-हरकत लिहून देईना, त्यांना भीती की पुढे मी हक्क सांगेन. जोडणी विकायला आलेल्या मुलाने सुचवलं, शेजारच्या काकूंच्या नावावर घ्या. घेतली. सात महिने चालली. मग काकू दुसरीकडे राहायला गेल्या, आणि जोडणी त्यांच्याबरोबर गेली. तेव्हा माझा हिशोबनीसाचा ऑनलाइन अभ्यासक्रम सुरू होता, परीक्षा तीन आठवड्यांवर. ती परीक्षा मी दिली नाही.

एप्रिल २०२५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवांपर्यंत पोहोचणं हा कलम २१ खालच्या जगण्याच्या हक्काचा भाग मानला. तो खटला ॲसिडहल्ल्यातून वाचलेल्या आणि दृष्टिहीन व्यक्तींना केवायसीत येणाऱ्या अडचणींचा होता, माझ्यासारख्या भाडेकरूंचा नव्हता. पण ओळख पटवण्याची रीतच माणसाला बाहेर ठेवते, हे कुणीतरी मान्य केलं, याचं मला खूप बरं वाटलं. पत्त्याच्या पुराव्याला पर्याय हवा. मी तिथे राहते हे गल्लीतले दहा जण सांगतील, ते का चालू नये?

सांजवात

अर्धविराम, वाचून गलबलून आलं. तुमचा मुद्दा मी माझ्या यादीत सगळ्यात वर लिहिलाय.

गवाक्ष

कंपनी येईपर्यंत थांबायलाच हवं असं नाही, हेही सांगावंसं वाटतं. न्यूयॉर्कमध्ये ब्रुकलिनच्या रेड हुक भागात, सार्वजनिक घरकुलांच्या वस्तीत, एका स्थानिक संस्थेने छपरांवर वाय-फायचे नोड (सिग्नल एकमेकांकडे पोहोचवणारी यंत्रं) बसवून छोटं जाळं विणलं होतं. ऑक्टोबर २०१२च्या सँडी वादळानंतर आजूबाजूचं सगळं बंद असताना ते चालू राहिलं, लोक त्यावरून मदत मागत होते. पुढे तिथल्याच तरुणांना ते जाळं वाढवायचं आणि दुरुस्त करायचं शिक्षण दिलं. डेट्रॉइटमध्येही हीच पद्धत आहे. स्पेनच्या कॅटलोनियातलं गुईफी हे लोकांनीच उभारलेलं जाळं २००४ साली ओसोना या ग्रामीण भागात सुरू झालं, आज तीस हजारांहून जास्त नोड आहेत आणि पुढे त्यांनी स्वतःचं फायबरही टाकलं.

भारतात पीएम-वाणी आहे. ९ डिसेंबर २०२०ला केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजुरी दिली. जुन्या पीसीओसारखी कल्पना, कुणीही परवान्याशिवाय आपल्या जागेतून वाय-फाय देऊ शकतो. ते हवं तसं पसरलं नाही, कारण अशा माणसाला महागडी व्यावसायिक जोडणी घ्यायला लावत. जून २०२५मध्ये दूरसंचार नियामक ट्रायने त्यावर मर्यादा घातली: २०० एमबीपीएसपर्यंतच्या घरगुती योजना त्याला द्यायच्या आणि घरगुती दराच्या दुपटीपेक्षा जास्त घ्यायचं नाही. अभ्यासिका यात बसू शकते, ताई.

जोडणीकार

गवाक्ष, सहमत. फक्त एक. पत्र्याच्या भिंती वाय-फाय अडवतात, त्यातही ५ गिगाहर्ट्झच्या वाय-फाय लहरी तर पहिल्याच पत्र्यापाशी थांबतात. नोड जवळजवळ आणि उंचावर लागतील. आणि पाठीमागची मुख्य जोडणी फायबरचीच हवी, नाहीतर सगळे मिळून एका बारीक नळाला तोंड लावल्यासारखं होईल.

ग्रंथसखा

मी ग्रंथालयात नोकरी केली, आता निवृत्त आहे. आमच्या वाचनकक्षात मोफत वाय-फाय होतं. साठीच्या पुढची माणसं यायची, फोन माझ्या हातात द्यायची आणि म्हणायची, "तुम्हीच करा." पेन्शनचा दाखला, दवाखान्याची वेळ. मी करून द्यायचो. खूप उशिरा लक्षात आलं की मी करून देतो म्हणून ती शिकत नाहीत. मग बोट त्यांचं, शब्द माझे, असा नियम केला. एका आजींना पहिला अर्ज स्वतः पाठवायला पन्नास मिनिटं लागली. पुढच्या महिन्यात त्या शेजारणीला घेऊन आल्या, स्वतः शिकवायला.

तार टाकण्याच्या खर्चात अशा माणसाचा पगार आधीपासून धरा. न्यूयॉर्क आणि शिकागोच्या सार्वजनिक ग्रंथालयांनी तर पुस्तकासारखे हॉटस्पॉट घरी न्यायला दिले होते. शिकवणारा माणूसही तिथेच भेटतो, हे ग्रंथालयाचं बळ आहे.

दुर्बीण

ग्रंथसखाकाका, नमस्कार. खर्चाचा विषय निघालाच आहे तर एक. अमेरिकेत बिलासाठी अनुदान देणारी एसीपी योजना होती, २.३ कोटी कुटुंबं तिच्यात आली. निधी संपला. फेब्रुवारी २०२४मध्ये नवी नोंदणी बंद, १ जून २०२४ला योजनाच बंद. एवढ्या घरांनी आपला अभ्यास, नोकरी, उपचार त्या जोडणीवर बेतले होते. सुरू करताना 'किती वर्षं' हे लेखी घ्या. वाटसरूंनी सांगितलेली दहा वर्षं याच कारणासाठी मोठी आहेत.

सांजवात (अकरा दिवसांनी)

मंडळी, उशीर झाला, पण गप्प बसले नव्हते.

अभ्यासिकेतल्या मोठ्या मुलांना घेऊन गल्लीतलं घर न् घर फिरलो. पाच प्रश्न विचारले: जोडणी मागितली होती का, काय उत्तर मिळालं, घरात फोन किती आणि दिवसा घरी किती राहतात, पत्त्याचा पुरावा कुणाच्या नावावर, आणि तार भिंतीवरून जायला हरकत आहे का. शेवटच्या प्रश्नाला एकाही घराने नाही म्हटलं नाही. एका आजोबांनी तर आमचीच भिंत सगळ्यात सरळ आहे म्हणून इकडूनच न्या, असं सांगितलं.

जोडणीकारदादा रविवारी स्वतः आले. त्यांचे आभार कसे मानू कळत नाही. त्यांनी गल्लीतले विजेचे खांब मोजले, प्रत्येकाचा फोटो काढला, डबा कुठे बसेल ते खडूने दाखवलं. चौथा खांब, जमिनीपासून किती उंचीवर तेही लिहून दिलं.

सोमवारी वीज कार्यालयात आणि पालिकेत दोन्हीकडे अर्ज दिला, सोबत सगळ्या घरांची यादी आणि इथल्याच 'नकाशा' यांनी काढून दिलेला गल्लीचा नकाशा. पालिकेतल्या बाई म्हणाल्या, गल्लीसाठी असा अर्ज पहिल्यांदाच आलाय, कुठल्या टेबलावर पाठवायचा ते बघावं लागेल. मी म्हटलं, बघा, मी बसते. दीड तासाने आवक क्रमांक मिळाला. अर्धविराम, पत्त्याच्या पुराव्याचा मुद्दा त्यात तिसऱ्या परिच्छेदात आहे, तुमचं नाव न घालता.

त्या मुलीचा व्हिडिओ दुसऱ्याच दिवशी मी माझ्या घरून चढवून दिला होता. या वेळी तिचं चाचणीचं काम आहे, उद्या रात्री आठच्या आत पाठवायचं. ती पुन्हा उंबऱ्यावर बसलीय, मी तिच्या शेजारी बसून हे लिहितेय.

वीज कार्यालयाचं उत्तर आलं की इथेच कळवीन. तोवर धागा वर ठेवा.